विमानाचे तिकीट केव्हा काढावे? नव्याने प्रवास करणाऱ्यांसाठी मार्गदर्शन

विमानाचे तिकीट स्वस्तात केव्हा मिळते, असे चार जणांना विचारले तर चार उत्तरे मिळतात. कोणी मंगळवारी रात्री बारानंतर तिकीट काढायला सांगतो, कोणी बरोबर सहा आठवडे आधीचा मुहूर्त देतो, तर कोणी शेवटच्या दोन दिवसांपर्यंत थांबायला सांगतो, कारण तेव्हा म्हणे कंपन्या रिकाम्या जागा मिळेल त्या किमतीला काढून टाकतात. यांपैकी शेवटचा सल्ला बहुतेक वेळा महागात पडतो, पहिला कालबाह्य झाला आहे आणि दुसरा काही मार्गांवर खरा ठरतो, काहींवर नाही. मुहूर्त शोधण्याऐवजी स्वतःला एक प्रश्न विचारणे अधिक उपयोगी आहे: मला हवी असलेली जागा आणखी कोणाला हवी आहे, आणि ते लोक तिकीट केव्हा काढतील? विमान कंपनीही दिवसभर याच प्रश्नाचे उत्तर शोधत असते.

भाडे कसे ठरते

इकॉनॉमी वर्गातील सगळ्या जागा प्रवाशाच्या दृष्टीने जवळपास सारख्याच असल्या, तरी विक्रीसाठी कंपनी त्यांचे अनेक कप्पे पाडते आणि प्रत्येक कप्प्याला रोमन लिपीतील एक अक्षर देते. वाय हे अक्षर सामान्यतः इकॉनॉमीच्या पूर्ण भाड्यासाठी वापरले जाते. त्याखालच्या अक्षरांपैकी कोणते किती स्वस्त, हे प्रत्येक कंपनी आपापले ठरवते. ट्रॅव्हल एजंटच्या पडद्यावर ही माहिती ‘वाय ९, बी ९, एम ४, क्यू ०’ अशा ओळीत दिसते. वाय आणि बी या कप्प्यांत नऊ किंवा त्याहून अधिक जागा आहेत (नऊच्या वरचा आकडा सहसा दाखवला जात नाही), एममध्ये चार उरल्या आहेत आणि क्यू संपला आहे, असा तिचा अर्थ. संकेतस्थळावर आपल्याला जे भाडे दिसते, ते त्या क्षणी उघड्या असलेल्या सर्वात स्वस्त कप्प्याचे असते. सकाळी पाहिलेले भाडे दुपारी वाढलेले दिसले, तर त्याचे कारण बहुधा एवढेच असते की मधल्या काळात त्या कप्प्यातली शेवटची जागा कोणीतरी घेतली.

कोणत्या कप्प्यात किती जागा ठेवायच्या, याचे गणित जुने आहे. ब्रिटिश कंपनी बीओएसीमधील केनेथ लिटलवुड यांनी १९७२ मध्ये त्याचा मूळ नियम मांडला: आज स्वस्तात जागा विकून हातात येणारी रक्कम ही, पुढे तीच जागा महाग भाड्याने विकली जाण्याची शक्यता धरून निघणाऱ्या रकमेपेक्षा जास्त असेल, तोवरच स्वस्त विक्री चालू ठेवावी. अमेरिकेने १९७८ मध्ये भाड्यांवरील सरकारी नियंत्रण उठवल्यानंतर स्पर्धा वाढली आणि हे गणित धंद्याच्या केंद्रस्थानी आले. १९८५ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने पीपल एक्स्प्रेस या स्वस्त कंपनीशी टक्कर घेताना त्याचाच आधार घेतला. अटींसह मोजक्याच जागा अत्यंत कमी भाड्याने विकायच्या आणि उरलेल्या उशिरा येणाऱ्या, पण जास्त पैसे मोजणाऱ्या प्रवाशांसाठी राखायच्या, अशी ती रीत होती. आज हेच काम संगणक अखंडपणे करतात. विक्री अपेक्षेपेक्षा मंद असेल तर बंद केलेला स्वस्त कप्पा पुन्हा उघडला जातो, म्हणून भाडे केवळ चढत नाही, मधूनमधून उतरतेही.

शेवटच्या क्षणी थांबण्याचा सल्ला का फसतो, हे आता सहज लक्षात येईल. भाजीबाजारात संध्याकाळी उरलेला माल स्वस्तात निघतो, तसे विमानात होत नाही, कारण शेवटच्या दिवसांत येणारे गिऱ्हाईक हे कामाच्या बैठकीला, परीक्षेला किंवा घरच्या आजारपणासाठी निघालेले असते आणि ते भाव न करता पैसे मोजते, हे कंपनीला ठाऊक असते. सुट्टीच्या ठिकाणी जाणारी चार्टर विमाने किंवा पॅकेज सहली यांच्या बाबतीत शेवटी खरोखर सवलत मिळते, कारण तिथे कामासाठी जाणारे गिऱ्हाईक जवळजवळ नसतेच.

पहिली पायरी: आपला प्रवास कोणत्या प्रकारचा आहे ते ठरवा

तारखा हातात घेऊन पाहा की त्या दिवसांत इतरही बरेच लोक त्याच दिशेने निघणार आहेत का. शाळांच्या सुट्ट्या, मोठे सण, जोडून आलेल्या सुट्ट्या, एखादा मोठा सामना किंवा संमेलन असेल, तर तो गर्दीचा प्रवास समजावा. अशा तारखांना स्वस्त कप्पे मुळातच थोडे ठेवलेले असतात, ते लवकर संपतात आणि क्वचितच पुन्हा उघडतात. गर्दीच्या काळातही दिशेकडे दुर्लक्ष करू नये. सुट्टी लागताना सगळे एका बाजूला जातात आणि संपताना परत येतात, त्यामुळे उलट दिशेने जाणारी विमाने त्याच दिवशी स्वस्त असू शकतात.

मग मार्गाचा विचार करावा. ज्या मार्गावर तीन-चार कंपन्यांची थेट विमाने आहेत, तिथे वाट पाहण्यास थोडा वाव असतो, कारण एकीने भाडे उतरवले की इतरही उतरवतात. जिथे एकाच कंपनीचे दिवसाला एकच विमान जाते, तिथे वाट पाहून हाती फारसे लागत नाही.

दुसरी पायरी: नेहमीचे भाडे किती, हे जाणून घ्या

ही पायरी नवखे लोक हमखास गाळतात, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची हीच आहे. समोर दिसणारे भाडे स्वस्त की महाग हे ओळखता येत नसेल, तर ते केव्हा घ्यावे हा प्रश्नच उद्भवत नाही. गूगल फ्लाइट्स, स्कायस्कॅनर, कयाक यांसारख्या शोधसेवांवर महिनाभराच्या तारखांची भाडी एका दृष्टिक्षेपात दिसतात. पहिल्या दिवशी तिकीट काढण्याचा विचार बाजूला ठेवून केवळ हा तक्ता पाहावा. आपल्या तारखेच्या पुढचे-मागचे आठवडे, तसेच एखाद्या गर्दी नसलेल्या महिन्यातील भाडी पाहिली की त्या मार्गावरचा तळ कुठे आहे आणि शिखर कुठे, याचा अंदाज येतो. गूगल फ्लाइट्स अनेक मार्गांवर सध्याचे भाडे नेहमीच्या मानाने कमी, साधारण की जास्त, हेही सांगते. त्यानंतर हव्या त्या तारखांसाठी भाडेबदलाची सूचना लावून ठेवावी, म्हणजे रोज उठून शोधत बसावे लागत नाही.

तुलना करताना अंतिम रकमेचीच करावी. भाड्यात विमानतळाचे शुल्क आणि सरकारी कर मिसळलेले असतात, आणि अनेक कंपन्या वायक्यू किंवा वायआर या संकेताखाली स्वतःचा अधिभारही लावतात. ‘मूळ भाड्यावर निम्मी सवलत’ अशी जाहिरात असली, तरी ही बाकीची रक्कम जशीच्या तशी राहते आणि एकूण तिकीट निम्म्यावर येत नाही. सामानाचेही तेच. स्वस्त कंपनीच्या भाड्यात चेक-इन बॅग, जागेची निवड आणि खाणे बऱ्याचदा धरलेले नसते. हे सगळे मिळवल्यावर पूर्ण सेवा देणारी कंपनीच कधी कधी स्वस्त निघते.

तिसरी पायरी: तिकीट काढण्याचा कालखंड निवडा

एका ठराविक दिवसावर विश्वास ठेवू नये, पण कालखंडाचा अंदाज मात्र बांधता येतो. देशांतर्गत आणि जवळच्या प्रवासासाठी साधारणपणे एक ते तीन महिने आधी, आणि लांबच्या आंतरराष्ट्रीय प्रवासासाठी दोन ते सहा महिने आधी चांगले भाडे मिळण्याची शक्यता अधिक असते. गर्दीच्या तारखा असतील तर या कालखंडाच्या आधीच्या टोकाला, किंवा त्याच्याही अगोदर, तिकीट काढावे. मंदीच्या हंगामात नंतरच्या टोकापर्यंत थांबले तरी चालते.

फार लवकर काढणेही नेहमी लाभाचे नसते. पूर्ण सेवा देणाऱ्या मोठ्या कंपन्या साधारण ३३० ते ३६० दिवस आधी विक्री उघडतात, पण साध्या तारखांसाठी तेव्हाची भाडी बऱ्याचदा बेताचीच, म्हणजे ना स्वस्त ना महाग, अशी असतात. इतक्या लवकर तिकीट काढणाऱ्याचा बेत पक्का असतो आणि त्याला सवलतीचे आमिष दाखवण्याची कंपनीला गरज वाटत नाही. स्वस्त कंपन्यांचे तसे नसते. त्या हंगामाचे वेळापत्रक एकदम खुले करतात, भाडी खालून सुरू होऊन विमान भरेल तशी वर चढत जातात, आणि म्हणून त्यांच्या बाबतीत खुल्या झालेल्या पहिल्या काही आठवड्यांत काढलेले तिकीट अनेकदा सर्वात स्वस्त ठरते.

येथे वेळापत्रकाचे हंगामही ध्यानात ठेवावेत. जगभरातील विमान कंपन्यांचे उन्हाळी वेळापत्रक मार्चच्या शेवटच्या रविवारी आणि हिवाळी वेळापत्रक ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी सुरू होते. या तारखांच्या पलीकडचे तिकीट फार आधी काढले, तर मधल्या काळात विमानाची वेळ बदलण्याची शक्यता वाढते, आणि पुढे दुसरे विमान गाठायचे असेल तर ते त्रासदायक होऊ शकते.

आता कॅलेंडरवर खूण करण्याजोगी एक गोष्ट. अनेक स्वस्त भाड्यांना आगाऊ खरेदीची अट असते. प्रवासाच्या २१, १४, ७ किंवा ३ दिवस आधी तिकीट काढलेले असले पाहिजे, अशी ती अट असते आणि भाड्याच्या नियमांत लिहिलेली असते. समजा महिन्याच्या २२ तारखेला प्रवास आहे. ज्या भाड्याला १४ दिवसांची अट आहे ते ८ तारखेपर्यंत मिळेल, आणि ९ तारखेला विमान अर्धे रिकामे असले तरी ते भाडे यादीतून गेलेले असेल. म्हणून या टप्प्यांच्या आदल्या दिवशी निर्णय घेऊन टाकावा, ‘उद्या पाहू’ म्हणू नये. सर्वच कंपन्या ही अट लावत नाहीत, परंतु ज्या मार्गांवर कामानिमित्त प्रवास करणारे जास्त आहेत तिथे हे टप्पे ठळकपणे जाणवतात.

मंगळवारच्या समजुतीबद्दल थोडे. पूर्वी नवी भाडी दिवसातून मोजक्याच ठराविक वेळांना संगणक प्रणालींत भरली जात असत. आठवड्याच्या सुरुवातीला एखाद्या कंपनीने सवलत जाहीर केली, की मंगळवारपर्यंत प्रतिस्पर्धी तिची बरोबरी करत, आणि त्या काळी या सल्ल्यात काही तथ्य होते. आज भाडी दिवसभर बदलत राहतात. तिकीट कोणत्या वारी काढले याने आता फारसा फरक पडत नाही. विमान कोणत्या वारी सुटते याने मात्र पुष्कळ पडतो.

चौथी पायरी: तारीख आणि वेळ थोडी हलवून पाहा

शुक्रवारी संध्याकाळी आणि रविवारी सगळ्यांनाच प्रवास करायचा असतो, म्हणून मंगळवार, बुधवार किंवा शनिवारची विमाने बऱ्याच मार्गांवर स्वस्त पडतात. पहाटेची आणि रात्री उशिराची विमानेही तशीच, मात्र अशा वेळी विमानतळावर पोहोचण्याचा खर्च हिशेबात धरावा, नाहीतर तिकिटात वाचलेले टॅक्सीत जातात. परतीच्या तिकिटात मधली शनिवारची रात्र तिकडेच काढली, तर काही आंतरराष्ट्रीय मार्गांवर भाडे अजूनही कमी होते. कामासाठी गेलेला माणूस शनिवार-रविवार घरी परततो, फिरायला गेलेला थांबतो, आणि या एका अटीवरून कंपनी दोघांना वेगळे करते.

एकेरी दोन तिकिटे की परतीचे एक, हे दोन्ही प्रकारे शोधून पाहावे. स्वस्त कंपन्यांमध्ये सहसा फरक नसतो. पूर्ण सेवा देणाऱ्या कंपन्यांच्या लांबच्या मार्गांवर मात्र एकेरी तिकीट कधी कधी परतीच्या तिकिटाइतकेच, क्वचित त्याहूनही महाग असते. परतीचे तिकीट घेतलेच, तर जाण्याचा टप्पा चुकवू नये. पहिल्या टप्प्याला न कळवता प्रवासी आला नाही, तर बहुतेक पूर्ण सेवा देणाऱ्या कंपन्या पुढचे सगळे टप्पे रद्द करतात.

पाचवी पायरी: प्रवाशांची संख्या बदलून शोधा

कुटुंबासाठी तिकिटे काढणाऱ्यांनी ही पायरी विसरू नये. पाच जणांसाठी शोध घेतला आणि स्वस्त कप्प्यात तीनच जागा उरल्या असतील, तर बहुतेक प्रणाली तीन जणांना स्वस्त आणि दोघांना महाग असे भाडे देत नाहीत. पाचही जागा एकत्र मिळतील अशा वरच्या कप्प्याचे भाडे त्या सगळ्यांना लावतात. पडद्यावर याची सूचना सहसा दिसत नाही. म्हणून आधी एका प्रवाशासाठी भाडे पाहावे, मग दोघांसाठी, मग तिघांसाठी. ज्या आकड्यावर माणशी भाडे एकदम उडी मारते, तिथे स्वस्त कप्पा संपला असे समजावे. त्यानुसार तीन आणि दोन अशी वेगळी तिकिटे काढता येतात. मात्र वेगळी तिकिटे म्हणजे वेगळे पीएनआर, आणि विमान रद्द झाले किंवा उशीर झाला तर कंपनी दोन्ही गटांना एकाच पर्यायी विमानात बसवेलच असे नाही. लहान मुले आणि त्यांच्याबरोबरचे मोठे माणूस एकाच पीएनआरमध्ये असावे, हा नियम काही पैसे जास्त गेले तरी मोडू नये.

एकाच प्रवासाचे दोन टप्पे वेगवेगळ्या तिकिटांवर जोडण्याबाबत याहून अधिक सावध राहावे. पहिले विमान उशिरा पोहोचून दुसरे चुकले, तर दुसऱ्या कंपनीची कोणतीही जबाबदारी नसते आणि नवे तिकीट आयत्या वेळच्या भाड्याने घ्यावे लागते. एका तिकिटावर दोन्ही टप्पे असतील, तर पुढच्या विमानाची व्यवस्था साधारणतः कंपनी करते. नव्या प्रवाशाने एकाच तिकिटाला पसंती द्यावी, असे मी सुचवेन.

पुन्हा पुन्हा शोधल्यामुळे संकेतस्थळ आपल्याला ओळखते आणि मुद्दाम भाडे वाढवते, असा एक समज आहे; पण भाडे बदललेले दिसण्याची कारणे सहसा वेगळीच असतात. शोधसेवांवरील भाडे काही वेळा थोडे जुने, साठवून ठेवलेले असते. त्यावर टिचकी मारल्यावर कंपनीकडून ताजे भाडे येते आणि ते वेगळे दिसते. त्यात कप्पे सतत उघडत-मिटत असतात. ब्राउझरची खासगी खिडकी उघडून शोधायला हरकत नाही, पण तिच्या भरवशावर राहू नये. खरा उपयोग होतो तो शोधसेवेवर मिळालेले भाडे कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावर ताडून पाहण्याचा. रक्कम सारखी असेल किंवा फरक किरकोळ असेल, तर तिकीट कंपनीकडूनच घ्यावे, म्हणजे बदल, रद्द करणे आणि रिफंड या बाबतीत मध्यस्थाच्या मागे लागावे लागत नाही.

सहावी पायरी: मर्यादा ठरवा आणि तिकीट काढा

दुसऱ्या पायरीत नेहमीच्या भाड्याचा जो अंदाज आला, त्यावरून एक रक्कम कागदावर लिहून ठेवावी: भाडे याच्या खाली आले की मी तिकीट काढीन. त्याबरोबर एक शेवटची तारीखही लिहावी, जिच्यापर्यंत भाडे उतरले नाही तरी तिकीट काढायचेच. ही तारीख वर सांगितलेल्या आगाऊ खरेदीच्या टप्प्यांच्या आत असावी. मर्यादा तळाच्या भाड्याइतकी कमी ठेवू नये; तळ गाठण्याच्या नादात लोक दहा टक्के वाचवायला जातात आणि चाळीस टक्के जास्त देऊन बसतात. भाडे मर्यादेखाली आले की आणखी उतरेल का, याचा विचार न करता व्यवहार पूर्ण करावा. पैसे भरण्यापूर्वी नावाची अक्षरे पासपोर्टशी किंवा ओळखपत्राशी जुळतात का, तारीख मध्यरात्रीनंतरची तर नाही ना, आणि एका शहरात दोन विमानतळ असतील तर आपण कोणता निवडला आहे, हे तपासावे. मध्यरात्रीनंतर साडेबाराला सुटणाऱ्या विमानासाठी आदल्या रात्रीच विमानतळावर जायचे असते, आणि या एका गोष्टीत अनुभवी प्रवाशांचीही फसगत होते.

सातवी पायरी: तिकीट काढल्यानंतर

पहिल्या दिवशी भाडे आणखी एकदा पाहायला हरकत नाही. अमेरिकेला जाणाऱ्या, तिथून निघणाऱ्या किंवा अमेरिकेअंतर्गत विमानांसाठी, सुटण्याच्या किमान सात दिवस आधी थेट कंपनीकडे नोंदवलेले तिकीट २४ तासांत विनाशुल्क रद्द करू देणे, किंवा पैसे न घेता भाडे २४ तास राखून ठेवणे, कंपन्यांना बंधनकारक आहे. इतर ठिकाणी अशी मुभा आहे का आणि किती तासांची, हे कंपनीच्या अटींत पाहून घ्यावे. काही कंपन्या बदलशुल्क घेत नाहीत. अशा तिकिटाचे भाडे नंतर उतरले, तर त्याच विमानाचे नवे भाडे घेऊन उरलेली रक्कम पुढच्या प्रवासासाठी जमा करून घेता येते. सर्वात स्वस्त ‘बेसिक’ प्रकारच्या तिकिटांना ही सोय सहसा नसते, म्हणून बेत डळमळीत असेल तर ती टाळावीत.

प्रवासाला अवकाश असताना कंपनीकडून वेळ बदलल्याचा संदेश आला, तर ‘मान्य’ या बटणावर लगेच बोट ठेवू नये. बदल मोठा असेल, तर बऱ्याच कंपन्या त्याच मार्गावरचे दुसरे विमान जादा पैसे न घेता देतात किंवा पूर्ण रक्कम परत करतात. त्या दिवशीच्या इतर विमानांची यादी आधी पाहावी, आपल्याला सोयीचे विमान निवडावे आणि मग ग्राहक सेवेला फोन करून त्या विमानाचा क्रमांकच सांगावा.